पटत नसले तरी प्रीती



शत्रूंवर प्रीती करण्याची प्रभू येशूची आज्ञा (मत्तय ५:४३-४८) आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ऐकताना ती कठीण वाटते, पण लांबची वाटते. शत्रू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कुणी दूरचा, अनोळखी, वाईट माणूस उभा राहतो. असा माणूस आपल्याला रोज भेटत नाही, म्हणून ती आज्ञा पाळायची वेळही रोज येत नाही, असे आपण समजतो.

रोज भेटतो तो शेजारी. त्याच्या बांधाला आपला बांध लागून असतो. मोहाच्या दिवसांत एकाच पहाटे दोघे टोपली घेऊन निघतात. तेंदूपत्त्याच्या फळीवर दोघे शेजारी बसून पुडे मोजतात. पारलकोटेला पूर आला की दोघांचाही रस्ता एकाच वेळी बंद होतो. पण देवाविषयी, गावाच्या रीतीविषयी, मुलामुलींच्या सोयरिकीविषयी, खाणीविषयी त्याचे आणि आपले पटत नाही. कधी तो आपल्याच घरातला, सख्खा भाऊ असतो. त्याला शत्रू म्हणवत नाही आणि मित्र म्हणायला जीभ रेटत नाही. मग अबोला सुरू होतो. अबोल्याची अढी होते, आणि अढी पुढच्या पिढीला वारसाहक्काने मिळते.

म्हणून या अभ्यासलेखात आम्ही एकच प्रश्न घेतला आहे. ज्यांचे आपल्याला पटत नाही त्यांच्यावर ख्रिस्ती माणसाने प्रीती कशी करावी? आपली श्रद्धा न सोडता, आणि त्यांनाही न सोडता? हा लेख घरातल्या मंडळींनी एकत्र बसून वाचावा आणि शेवटच्या प्रश्नांवर बोलावे, अशी आमची विनंती आहे.

१. ज्या गावाने येशूला नाकारले

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात (९:५१-५६) एक छोटा प्रसंग आहे. येशू यरुशलेमला निघाला होता. वाटेत शोमरोनी लोकांचे गाव लागले. मुक्कामाची सोय करायला त्याने माणसे पुढे पाठवली. पण हा यरुशलेमला चालला आहे असे कळताच गावाने त्याला घेतले नाही.

यामागे जुना वाद होता. यहुदी आणि शोमरोनी दोघेही याकोबाला आपला पूर्वज मानत. मोशेची पाच पुस्तके दोघांनाही पवित्र. पण देवाची उपासना यरुशलेमच्या मंदिरात करावी की गरिज्जीम डोंगरावर, यावरून दोघांची ताटे वेगळी झाली होती. परक्यांचे भांडण लवकर मिटते, भावकीचे मिटत नाही. हे भावकीचे होते.

गावाने नकार देताच याकोब आणि योहान संतापले. स्वर्गातून अग्नी पाडून या गावाचा नाश करावा का, असे त्यांनी येशूला विचारले. त्यांचा विश्वास कमी पडत नव्हता. अग्नी पडेल याची त्यांना खात्री होती. कमी होती ती प्रीतीची. येशूने त्या गावाला काहीच म्हटले नाही. त्याने आपल्या शिष्यांनाच धमकावले आणि सारे दुसऱ्या गावाकडे निघाले.

आता शुभवर्तमानाचे एकच पान उलटू या. दहाव्या अध्यायात (१०:२५-३७) एक शास्त्री येशूला विचारतो की माझा शेजारी कोण. उत्तर म्हणून येशू एक गोष्ट सांगतो, आणि त्या गोष्टीतला चांगला माणूस शोमरोनी आहे. ज्या लोकांनी नुकताच आपल्याला उंबऱ्यावरून परत पाठवले, त्यांच्यातलाच एक माणूस येशूने साऱ्या जगाला दयेचा आदर्श म्हणून दिला. नकार त्याने मनात ठेवला नाही. एका गावाच्या वागण्यावरून त्या समाजातल्या सगळ्यांना त्याने एका मापाने मोजले नाही.

याचा अर्थ येशूने मतभेद झाकून ठेवला असे नाही. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलताना उपासनेचा विषय निघाला, तेव्हा तारण यहुद्यांतून आहे हे त्याने तिला स्पष्ट सांगितले (योहान ४:२२). पण हे सांगण्याआधी त्याने काय केले? तो तिच्याजवळ बसला आणि तिच्याकडे पाणी मागितले. देणाऱ्याच्या आधी तो घेणारा झाला. ज्याच्या हातचे पाणी आपण पितो त्याच्याशी आपण सत्य बोलू शकतो. ज्याच्या दारात आपण कधी बसलो नाही, त्याला सांगितलेले सत्य त्याला दगडासारखे लागते.

या कथेला आणखी एक शेवट आहे. अग्नी मागणारा योहान प्रेषितांच्या कृत्यांत (८:१४-१७) पुन्हा शोमरोनात जातो, पेत्रासोबत. त्या लोकांवर हात ठेवून त्यांना पवित्र आत्मा मिळावा म्हणून तो प्रार्थना करतो. त्या दिवशी त्याच्या मनासारखे झाले असते, तर पुढे आशीर्वाद द्यायला तिथे कुणी उरले नसते. आपल्याला आज जो माणूस नकोसा झाला आहे, त्याच्याविषयी देवाच्या मनात उद्या काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून अग्नी मागायची घाई करू नये.

२. ख्रिस्तसभा काय शिकवते

पोप तेविसावे जॉन यांनी ११ एप्रिल १९६३ रोजी 'पाचेम इन तेर्रिस' हे विश्वपत्र दिले. चूक वेगळी आणि चुकणारा माणूस वेगळा, हा भेद त्यांनी त्यात स्पष्ट केला. माणूस चुकला तरी त्याचे माणूसपण जात नाही आणि त्याचा मानही जात नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी 'गौदियुम एत स्पेस' या दस्तऐवजात (क्रमांक २८) हाच धागा पुढे नेला. समाज, राजकारण किंवा धर्म यांविषयी जे आपल्यापेक्षा वेगळा विचार करतात, वेगळे वागतात, त्यांनाही आपला आदर आणि प्रीती मिळाली पाहिजे. आपण आपुलकीने त्यांची विचार करण्याची रीत जितकी समजून घेऊ, तितके त्यांच्याशी बोलणे सोपे होईल. मात्र या प्रीतीमुळे सत्याविषयी बेफिकीर होऊ नये, असेही परिषद तिथेच बजावते. माणसाच्या अंतःकरणाचा न्याय एकटा देवच करतो.

त्याच दिवशी प्रसिद्ध झालेल्या 'आद जेंतेस' या दस्तऐवजात (क्रमांक १३) कुणालाही श्रद्धा स्वीकारायला भाग पाडणे, अथवा गैर मार्गाने भुलवून आणणे यांना सक्त मनाई आहे. कुणाला छळ करून श्रद्धेपासून दूर लोटू नये, असेही तिथे म्हटले आहे. आपल्याविषयी गावात जेव्हा संशयाने बोलले जाते, तेव्हा हा नियम आपल्याला माहीत असावा आणि आपण तो पाळत असावे.

हे काही विसाव्या शतकात नव्याने सुचलेले नाही. १२१९ साली धर्मयुद्ध चालू असताना असिसीचे संत फ्रान्सिस इजिप्तमध्ये दमिएत्ता येथे सुलतान अल-कामिल यांना भेटायला निःशस्त्र गेले. सुलतान ख्रिस्ती झाला नाही आणि फ्रान्सिस यांनी आपली श्रद्धा लपवली नाही. तरी दोघांनी एकमेकांचे ऐकले, आणि सुलतानाने त्यांना सुखरूप परत पाठवले. पुढे आपल्या बंधूंसाठी लिहिलेल्या नियमात संत फ्रान्सिस यांनी अन्य धर्मीयांत राहण्याच्या दोन रीती सांगितल्या. पहिली, वादविवाद न करता सर्वांचे सेवक होऊन राहावे आणि आपण ख्रिस्ती आहोत हे मान्य करावे. दुसरी, देवाची इच्छा दिसेल तेव्हा वचन सांगावे. क्रम लक्षात घ्या. आधी राहणे, मग सांगणे.

३. इंद्रावतीच्या पलीकडे

भामरागडजवळ पारलकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात. पलीकडच्या तीरावर छत्तीसगढ आहे. तिथे अलीकडे जे घडले ते आपण डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे, कारण ती माणसे आपल्यासारखीच आहेत, आणि जंगलही एकच आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये नारायणपूर आणि कोंडागाव भागांतल्या अनेक ख्रिस्ती आदिवासी कुटुंबांना त्यांच्या गावांतून हाकलले गेले. त्यांनी नारायणपूरच्या क्रीडा संकुलात आसरा घेतला. २ जानेवारी २०२३ रोजी नारायणपूरमध्ये शाळेच्या आवारातल्या कॅथलिक चर्चची जमावाने मोडतोड केली. जमावाला आवरायला गेलेले जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक स्वतः डोक्याला मार लागून जखमी झाले.

दुसरी घटना बस्तर जिल्ह्यातल्या छिंदवाडा गावची. ७ जानेवारी २०२५ रोजी एका ख्रिस्ती पाळकाचे निधन झाले. गावात त्यांना पुरण्यास विरोध झाला. मुलगा न्यायालयात गेला. शव जवळजवळ तीन आठवडे शवागारात राहिले. २७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. एकाच्या मते कुटुंबाच्या स्वतःच्या शेतात दफन होऊ द्यावे, दुसऱ्याच्या मते ख्रिस्ती लोकांसाठी नेमलेल्या दफनभूमीतच व्हावे. शवाची आणखी हेळसांड होऊ नये म्हणून शेवटी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापाल इथल्या दफनभूमीत, पोलीस बंदोबस्तात दफन करण्याचा आदेश झाला.

हे वाचून मनाला वेदना होतात. बापाला मूठभर माती द्यायची तर मुलाला दिल्लीपर्यंत जावे लागले. या दुःखाला आपण दुःखच म्हणू. तरी प्रीतीचा अभ्यास करायचा तर इथेच थांबून समोरच्याचे मन पाहावे लागते.

आपल्या माडिया बांधवांमध्ये मृताच्या स्मरणार्थ दगड उभे करण्याची रीत आहे. जंगलवाटेवर ते दगड आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. गावाची जमीन त्यांच्यासाठी नुसती माती नाही. तिथे पूर्वज आहेत, गावाचे देव आहेत, आणि मेलेल्याला कोणत्या विधीने निरोप दिला यावर जिवंतांचे बरेवाईट ठरते अशी त्यांची श्रद्धा आहे. वेगळ्या विधीने कुणाला त्या मातीत ठेवले तर सगळ्या गावावर काही ओढवेल, ही भीती त्यांना खरी वाटते. शिवाय आपली भाषा, आपले देव, आपले जंगल एकेक करून हातचे जात आहे, ही व्यथाही त्या विरोधात असते. १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्या रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. आणि राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून तर प्रश्न अवघड आहे.

समोरच्याची भीती समजून घेणे म्हणजे कुणाला गावाबाहेर काढणे योग्य ठरवणे नव्हे. चर्चची मोडतोड हा गुन्हा आहे. पण भीती समजली तर उत्तर सापडण्याची शक्यता असते. दफनभूमीचा प्रश्न कुणाच्या दारात शव ठेवलेले असताना सोडवता येत नाही. तो आधी, शांत दिवसांत, गावच्या प्रमुखांसोबत आणि ग्रामसभेत बसून बोलायचा असतो. जागा कोणती, वाट कोणती, कोणते विधी आपण करू, गावाच्या कोणत्या रीतीला धक्का लावणार नाही, हे सगळे आधी ठरवता येते. प्रीती म्हणजे वेळेवर बोलणेही आहे.

४. पंडुमचे आमंत्रण

आता दैनंदिन गोष्टीकडे येऊ. शेजारी पंडुमला बोलावतो. बीज पंडुम असो की नव्या फळाचा, नव्या धान्याचा सण असो. जावे की न जावे? गावाची वर्गणी द्यावी की न द्यावी? पुढ्यात आलेले अन्न खावे की न खावे?

करिंथच्या ख्रिस्ती लोकांपुढे अगदी हाच प्रश्न होता. तिथल्या बाजारातले मांस पुष्कळदा देवळात वाहिलेले असे. संत पौलने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय ८ आणि १०) दिलेली उत्तरे थोडक्यात अशी:

पहिले, मूर्तीला स्वतःचे सामर्थ्य नाही आणि देव एकच आहे, म्हणून अन्नाला भिण्याचे कारण नाही. दुसरे, श्रद्धा न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले, तर जावे आणि वाढलेले खावे, उगाच चौकशी करू नये (१०:२७). तिसरे, हे नैवेद्याचे आहे असे कुणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी ते खाऊ नये (१०:२८-२९). चौथे, प्रभूच्या मेजावर बसणाऱ्याने दुसऱ्या देवाच्या उपासनेत भागीदार होऊ नये (१०:२१).

म्हणजे पौलने दोन टोके टाळली. सगळे चालते असेही तो म्हणत नाही, आणि शेजाऱ्याच्या अंगणात पाय ठेवू नका असेही म्हणत नाही. पूजा आणि पंगत यांत तो फरक करतो. पूजेत आपण सहभागी होणार नाही. पण शेजाऱ्याच्या आनंदात बसणे, गावाच्या श्रमाला हात लावणे, विहीर, रस्ता, शाळा यांच्या वर्गणीत आपला वाटा देणे, नवे घर बांधताना लाकूड उचलणे, याला आपली श्रद्धा आड येत नाही. जिथे पूजा कुठे संपते आणि पंगत कुठे सुरू होते हे कळत नाही, तिथे आपल्या धर्मगुरूंना विचारावे. आणि नाही म्हणायचे असेल तर तेही आदराने म्हणावे. न खाताही माणूस शेजारी बसू शकतो.

शेजाऱ्याच्या देवाला सैतान म्हणणे मात्र सोडावे. इफिस येथे पौलच्या विरोधात दंगल उसळली, तेव्हा हे लोक आमच्या देवीची निंदा करणारे नाहीत, अशी साक्ष तिथल्या नगरलेखकानेच लोकांपुढे दिली (प्रेषितांची कृत्ये १९:३७). आपल्याविषयी आपल्या गावात अशी साक्ष कुणी देईल का? आणि जरा खोलात पाहिले तर नवे धान्य तोंडात घालण्याआधी वरच्याला द्यावे, ही शेजाऱ्याची रीत आपल्याला परकी नाही. अनुवादाच्या पुस्तकात (अध्याय २६) इस्राएलच्या लोकांना पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवायला सांगितले आहे. २८ ऑक्टोबर १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या दस्तऐवजात ख्रिस्तसभा म्हणते की अन्य धर्मांत जे खरे आणि पवित्र आहे त्यातले काहीही ती नाकारत नाही. कृतज्ञता ही पवित्रच आहे.

५. एका घरातले दोन धर्म

मतभेद गावात असतो तेव्हा दार लावून घेता येते. तो घरातच असला तर? महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात याचे मोठे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे आहे. ते प्रोटेस्टंट होते, पण त्यांचे जीवन सगळ्याच मराठी ख्रिस्ती लोकांना शिकवणारे आहे.

त्याचा आरंभ आपल्या शेजारीच झाला. १८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात होते. डब्यात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. त्यातले डोंगरावरील प्रवचन वाचून ते भारावले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळणाऱ्या ब्राह्मण घरातल्या. त्यांच्यावर आभाळच कोसळले. मुलाला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या. काही वर्षे नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे, असा संसार झाला.

या काळात दोघांनीही एकमेकांना टाकले नाही. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे राहायला आल्या त्या आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊनच. एकाच घरात दोन श्रद्धा नांदू लागल्या. लक्ष्मीबाईंचे मन बदलले ते कुणी ढकलले म्हणून नाही. जातीपाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला, आणि १९०० साली स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. पतीचे निधन १९१९ मध्ये झाले. त्यानंतर लिहिलेल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी टिळकांचा तापट स्वभाव, विसराळूपणा, हट्ट यांतले काहीच लपवले नाही. तरीही त्या पुस्तकाच्या पानापानांत त्यांची माया दिसते.

आपल्याकडे अशी घरे आहेत. नवरा चर्चमध्ये येतो, बायको येत नाही. मुलगी मिस्साला येते, बाप गावदेवाला जातो. एक भाऊ कॅथलिक आणि दुसरा वेगळ्या प्रार्थनागटात. अशा घरांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो की प्रतीक्षा हेही प्रीतीचेच काम आहे. संत पौलने श्रद्धा न ठेवणाऱ्या जोडीदारासोबत, तो राजी असेल तर, राहण्याचा सल्ला दिला आहे (१ करिंथकर ७:१२-१६). जेवताना टोमणे मारून कुणी देवाजवळ आलेला नाही.

६. प्रीती म्हणजे मान डोलावणे नव्हे

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रीती करायची म्हणजे अन्याय झाला तरी गप्प बसायचे, असे काहींना वाटते. शुभवर्तमान तसे सांगत नाही. महायाजकापुढे शिपायाने चपराक मारली तेव्हा येशूने त्याला जाब विचारला, मात्र उलट मारले नाही (योहान १८:२३). पौलने आपला रोमी नागरिकत्वाचा हक्क वापरून कैसराकडे दाद मागितली (कृत्ये २५:११). म्हणून तक्रार करणे, ग्रामसभेत उभे राहून बोलणे, न्यायालयात जाणे हे प्रीतीच्या विरुद्ध नाही. सूड, खोटे आणि शिवी हे प्रीतीच्या विरुद्ध आहे. समोरच्याचा पराभव व्हावा एवढीच इच्छा उरली, तर आपली बाजू खरी असूनही आपण याकोब आणि योहान यांच्यासारखे अग्नी मागणारे झालो असे समजावे.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची सप्टेंबर २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून काहींनी त्यांना विरोध केला. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक म्हणून आणि हरित वसईच्या आंदोलनात त्यांनी आयुष्यभर सर्व धर्मांच्या माणसांसोबत काम केले होते. विरोधामुळे ते मागे सरले नाहीत. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे प्रकृती साथ देत नसतानाही ते अध्यक्ष म्हणून हजर राहिले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा महाराष्ट्राने आपला माणूस गेला म्हणून शोक केला. जागा सोडायची नाही आणि मनही कडू होऊ द्यायचे नाही, हे दोन्ही एका माणसाला जमू शकते.

आपल्या डोळ्यांसमोर दुसरे उदाहरण हेमलकशाचे आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी तिथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले. त्यांनी कुठल्या धर्माचा झेंडा उभारला नाही. आजार देवाच्या कोपाने होतो असे मानणाऱ्या लोकांशी त्यांचे मत जुळत नव्हते. त्यांनी वाद घातला नाही. माडिया भाषा शिकले, लोकांच्या अंगावर पुरते कपडे नाहीत म्हणून स्वतःही साध्या बनियन-अर्ध्या चड्डीत राहू लागले, आणि लोक येतील तेव्हा उपचार केले. विश्वास बसायला वर्षे लागली, पण बसला. आधी राहणे, मग सांगणे हा संत फ्रान्सिस यांचा क्रम इथेही दिसतो.

७. बंदूक खाली ठेवून आलेला

एक शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या ज्येष्ठ माओवादी नेत्याने आपल्या साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. अनेक वर्षे या जंगलात बंदूक बोलत होती. कुणाचा भाऊ दलममध्ये गेला, कुणाचा मुलगा पोलिसांत भरती झाला, कुणाच्या बापाला खबऱ्या म्हणून रात्री उठवून नेले ते परत आणलेच नाही. आता शस्त्र ठेवलेली माणसे आपल्यात राहायला येत आहेत. कायदा आपले काम करील. पण पाण्याच्या हापशावर ती समोर आली तर आपण काय करायचे?

ज्याच्या घरातला माणूस गेला आहे त्याला लवकर क्षमा कर असे सांगण्याचा अधिकार बाहेरच्यांना नाही. क्षमा ही कृपा आहे, ती मागावी लागते आणि तिला वेळ लागतो. ज्यांनी काही गमावले नाही त्यांचे काम वेगळे आहे. गमावलेल्याच्या दुःखाजवळ बसावे, आणि परतलेल्याच्या मुलांना शाळेत कुणी टोचून बोलणार नाही हे पाहावे. दोन्ही घरी जाणारा माणूस गावात कुणीतरी असावा लागतो. ख्रिस्ती माणसाने तो व्हावे.

८. या आठवड्यात करण्यासारखे

(१) ज्याच्याशी पटत नाही अशा एका माणसाचे नाव घेऊन रोज प्रार्थना करावी. त्याचे मन बदलावे एवढीच प्रार्थना नको. त्याचे भले व्हावे, त्याच्या घरचे आजारी बरे व्हावेत, त्याचे धान चांगले यावे, असे मागावे.

(२) त्याला उत्तर देण्याआधी त्याचे म्हणणे आपल्या तोंडून, त्याला मान्य होईल असे मांडून पाहावे. ते जमत नसेल तर आपल्याला ते अजून कळलेले नाही.

(३) तो समोर नसताना, जे त्याच्या तोंडावर बोलणार नाही ते बोलू नये.

(४) एक काम त्याच्यासोबत करावे. बांध घालणे, छप्पर शाकारणे, आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचवणे. हात एकत्र राबले की जीभ आपोआप मवाळ होते.

(५) मिस्सामध्ये शांतीची खूण देताना ज्याच्याकडे आपण पाहायचे टाळतो त्याच्याकडे पाहावे. वेदीपुढे देणगी ठेवून आधी भावाशी समेट करायला येशूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४).

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या घरात कुणाशी अबोला आहे? तो कशावरून सुरू झाला होता, हे आज कुणाला नक्की आठवते का?

२. आपल्या गावात ख्रिस्ती माणसाच्या दफनाविषयी काय ठरले आहे? ठरले नसेल, तर कुणाशी आणि कधी बोलावे?

३. शेजाऱ्याच्या कोणत्या रीतीतून आपल्याला काही शिकता येईल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, ज्या गावाने तुला ठेवून घेतले नाही त्या गावावर तू अग्नी मागितला नाहीस. आमच्या मनातला अग्नी विझव. ज्यांचे आमच्याशी पटत नाही त्यांच्या विहिरीवर बसायला आणि त्यांच्याकडे पाणी मागायला आम्हांला शिकव. आम्हांला सत्य सोडू देऊ नकोस आणि माणूसही सोडू देऊ नकोस. इंद्रावतीच्या दोन्ही तीरांवर ज्यांना घर सोडावे लागले, ज्यांची माणसे गेली, आणि जे हातातले शस्त्र ठेवून परत आले, त्या सर्वांना तुझी शांती दे. पवित्र मारिये, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.